स्नायुपरीक्षेतून जन्मलेली नावे : जन्मजात स्नायुविकारांच्या परिभाषेचा इतिहास

रोग ओळखला, त्याचे स्वरूप कळले आणि मग त्यास नाव दिले, असा क्रम सामान्यतः गृहीत धरला जातो. वैद्यकाचा इतिहास पाहता हा क्रम पुष्कळदा उलटा असल्याचे दिसून येते. नाव आधी येते. त्या नावाखाली निरनिराळ्या प्रकारचे रोगी गोळा होतात. आणि पुढे एखादे नवे साधन हाती आले म्हणजे ते नाव फुटते, त्याचे तुकडे होतात, किंवा ते समूळ टाकून द्यावे लागते. जन्मतःच स्नायू दुर्बल असलेल्या बालकांच्या विकारांची परिभाषा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. हे विकार विरळ असले, तरी त्यांच्या नावांचे तीन थर एकमेकांवर स्पष्टपणे रचलेले दिसतात. पहिला थर लक्षणावरून दिलेल्या नावांचा, दुसरा स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दिलेल्या नावांचा आणि तिसरा जनुकांवरून दिलेल्या नावांचा होय. यांपैकी दुसरा थर कसा निर्माण झाला, आणि तिसरा आल्यावरही तो का टिकून राहिला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. शब्दांविषयी

विषयास हात घालण्यापूर्वी मराठी संज्ञांविषयी थोडा खुलासा अवश्य आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मनुष्यदेहात ९०० स्नायू व ५०० पेशी सांगितल्या आहेत. तेथे ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोरीसारखे बंध, आणि ‘पेशी’ म्हणजे मांसाचा पिंड. आधुनिक मराठीत ‘स्नायू’ या शब्दाने मांसपिंडाची जागा घेतली, आणि मोकळा झालेला ‘पेशी’ हा शब्द सजीव देहाच्या सूक्ष्म घटकाकडे गेला. हिंदीत मात्र ‘मांसपेशी’ या समासात जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. या अर्थांतरामुळे मराठीत एक चमत्कारिक वाक्य शक्य होते : स्नायूचा प्रत्येक तंतू ही एक पेशी होय. शास्त्रदृष्ट्या ते अचूक आहे. स्नायुतंतू ही अतिशय लांब, अनेक केंद्रके असलेली एकच पेशी असते. तिची केंद्रके कडेला, आवरणालगत असतात, आणि आतील भाग आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म तंतुकांनी भरलेला असतो. या तंतुकांवर ठरावीक अंतरावर आडव्या रेषा असतात, त्यांस झेड-रेषा म्हणतात. तंतुकांच्या मधून मधून ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका विखुरलेल्या असतात. पुढील सर्व विवेचन या साध्या चित्रातील बिघाडांविषयी आहे.

‘बायॉप्सी’ हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्ट बेनिए याने १८७९ मध्ये रूढ केला. त्याची घडण ग्रीक आहे. ‘जीवन’ आणि ‘दर्शन’ या दोन शब्दांपासून तो बनविला आहे. मृतदेहाच्या परीक्षेहून जिवंत देहातून काढलेल्या तुकड्याची परीक्षा वेगळी दाखविण्याची गरज त्यामागे होती. ‘ऊतिपरीक्षा’ हा मराठी पर्याय अर्थास जवळचा असला, तरी त्यातून ‘जिवंत’ हा घटक गळून जातो.

२. लक्षणनामांचा काळ

बेनिएच्या शब्दाच्या आधीच ती क्रिया अस्तित्वात आली होती. बुलोञ येथे जन्मलेल्या द्यूशेन या फ्रेंच वैद्याने जिवंत रोग्याच्या स्नायूतून अत्यल्प अंश ओढून काढणारे सुईवजा हत्यार वापरले. १८६८ मध्ये त्याने मुलांच्या एका स्नायुरोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले व त्यास एकाच शीर्षकात दोन नावे दिली. ‘आभासी पुष्टता असलेला पक्षाघात’ हे पहिले. पोटऱ्या फुगलेल्या दिसतात, परंतु त्यांत बळ नसते, या बाह्य रूपावरून ते आले. ‘स्नायुकाठिण्याचा पक्षाघात’ हे दुसरे; काढलेल्या तुकड्यात स्नायूच्या जागी वाढलेले संयोजी ऊतक दिसले, त्यावरून ते आले. देहावर दिसणारे आणि काचेखाली दिसणारे अशी दोन नावे शेजारी शेजारी ठेवण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय. पुढे ही दोन्ही नावे मागे पडली व रोगास द्यूशेनचेच नाव चिकटले.

द्यूशेनने वर्णिलेला रोग बालपणी हळूहळू प्रकट होतो. जन्मतःच लुळ्या असलेल्या अर्भकांचा प्रश्न निराळा होता. १८९१ मध्ये ऑस्ट्रियातील वेर्डनिग याने आणि १८९३ मध्ये जर्मनीतील होफमान याने अर्भकांच्या अशा एका रोगाचे वर्णन केले, ज्यात मूळ बिघाड मेरुरज्जूतील चालक चेतापेशींचा असतो व स्नायू त्यापायी क्षीण होत जातो. १९०० मध्ये बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइमने अशा अर्भकांविषयी लिहिले, ज्यांचे अवयव अतिशय सैल असतात. त्याने या अवस्थेस ‘मायाटोनिया’ म्हणजे ‘स्नायूंच्या ताणाचा अभाव’ असे नाव दिले.

या नावात एक ध्वनिविषयक अडचण होती. ‘मायोटोनिया’ ही संज्ञा त्यापूर्वीच प्रचारात होती, आणि तिचा अर्थ जवळजवळ उलट होता : आकुंचन पावलेला स्नायू लवकर सैल न होणे. १८७६ मध्ये टॉमसन या वैद्याने स्वतःच्याच घराण्यातील या विकाराचे वर्णन केले होते. ‘मायाटोनिया’ आणि ‘मायोटोनिया’ यांत केवळ एका स्वराचा भेद; घाईने लिहिलेल्या रुग्णपत्रिकेत अगर तोंडी सांगण्यात तो टिकणे कठीण. म्हणून १९०८ मध्ये कॉलियर व विल्सन यांनी अभावदर्शक ‘अ’ शब्दाच्या आरंभी आणून ‘अमायोटोनिया कन्जेनिटा’ असे रूप सुचविले, आणि इंग्रजी वैद्यकात तेच रूढ झाले.

शब्दाचा घोटाळा मिटला. परंतु अर्थाचा घोटाळा त्याने वाढविला. ‘अमायोटोनिया’ हे नाव केवळ सैलपणा सांगते. सैलपणाचे कारण मेंदूत, मेरुरज्जूत, चेतेत, चेता व स्नायू यांच्या संधीत किंवा खुद्द स्नायूत असू शकते. काही मुले वर्षभरात दगावत, काही दीर्घकाळ दुर्बल राहत, काही सावकाश का होईना चालू लागत. आणि या सर्वांच्या पत्रिकेवर एकच नाव असे. १९२७ मध्ये ग्रीनफील्ड व स्टर्न यांनी वेर्डनिग-होफमान प्रकार व ओपेनहाइमचा म्हणून समजला जाणारा प्रकार शारीररचनेच्या दृष्टीने एकच आहेत असे प्रतिपादन केले. १९५६ मध्ये जॉन वॉल्टन यांनी असे निदान झालेल्या मुलांचा पुढील अनेक वर्षांचा मागोवा घेऊन, एका नावाखाली किती भिन्न रोग एकत्र आले आहेत हे दाखवून दिले. आपले मूल जगेल काय, चालेल काय, या आईबापांच्या प्रश्नास लक्षणनामापाशी उत्तर नव्हते.

३. मध्यगाभा

त्याच १९५६ साली अमेरिकेतील जी. मिल्टन शाय व केनेथ मॅगी यांनी एका कुटुंबातील तीन पिढ्यांतील पाच रोग्यांचे वृत्त प्रसिद्ध केले. या सर्वांचे स्नायू बालपणापासून दुर्बल होते, परंतु वयपरत्वे ती दुर्बलता वाढत गेलेली नव्हती. गोमोरीच्या त्रिरंगी रंजनप्रक्रियेने स्नायूचे छेद रंगविले असता बहुसंख्य तंतूंच्या मध्यभागी एक निराळाच गोल भाग दिसून आला. भोवतीच्या तंतुकांनी तांबूस रंग घेतला असता या मधल्या भागाने निळा रंग घेतला होता. शाय व मॅगी यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात केवळ ‘नवा, जन्मजात, न वाढणारा स्नायुविकार’ इतकेच म्हटले. ‘सेंट्रल कोअर डिसीझ’, म्हणजे मध्यगाभ्याचा रोग, हे नाव १९५८ मध्ये ग्रीनफील्ड, कॉर्नमन व शाय यांच्या लेखात आले. लुळ्या अर्भकाचे भवितव्य सांगण्यास स्नायुपरीक्षेचा कितपत उपयोग होतो, हाच त्या लेखाचा विषय होता.

दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन नावांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या नावात रोग्याचे वृत्त आहे : जन्मापासून आहे, वाढत नाही. दुसऱ्या नावात रोगी नाहीच. आहे तो तंतूचा आडवा छेद. पुढील अनुभवाने असे दाखविले, की या विकाराच्या काही रोग्यांत दुर्बलता वयाबरोबर थोडी वाढू शकते. ‘न वाढणारा’ हे विशेषण त्यामुळे डळमळले. ‘मध्यगाभा’ मात्र जेथे होता तेथेच राहिला.

हा गाभा म्हणजे काय, याचे उत्तर १९६० मध्ये व्हिक्टर ड्यूबोविट्झ व पिअर्स यांच्या कार्यातून मिळू लागले. जुन्या पद्धतीत स्नायूचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवीत व मग कापीत. त्यात तंतूंचा आकार राहतो, परंतु त्यांतील एंझाइमे नष्ट होतात. तुकडा ताबडतोब गोठवून त्याचे छेद घेतले, तर एंझाइमे कार्यक्षम राहतात, आणि त्यांच्या क्रियेनेच रंग उमटविता येतो. अशा रीतीने पाहता गाभ्याच्या जागी ऑक्सिडीकारक एंझाइमांचा अभाव दिसून आला. तेथे तंतुकणिका नव्हत्या. ज्यास प्रथम केवळ निराळ्या रंगाचा ठिपका म्हणून नाव मिळाले होते, तो आता कार्यहीन प्रदेश ठरला. नाव बदलावे लागले नाही. त्याचा अर्थ तेवढा खोल झाला.

४. दंडिका

१९६३ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे होय. त्या वर्षी डब्ल्यू. किंग एंगेल व कनिंगहॅम यांनी गोठविलेल्या छेदांसाठी गोमोरीच्या रंजनप्रक्रियेचे सुधारलेले रूप प्रसिद्ध केले. त्याच वर्षी शाय, एंगेल, सोमर्स व वांको यांनी आणखी एक जन्मजात विकार वर्णिला. त्यात निळसर-हिरव्या तंतूंवर लाल रंगाच्या बारीक काड्यांचे पुंजके दिसतात. नेहमीच्या रंजनप्रक्रियेत या काड्या सहज निसटून जातात. म्हणजे योग्य रंग हाती नसता तर हे नावही जन्मास आले नसते. या काड्या सुट्या आहेत की एखाद्या नागमोडी सूत्राचे छेद आहेत, हे निश्चित नसल्यामुळे ‘सूत’ या अर्थाच्या ‘नेमा’ या ग्रीक शब्दापासून ‘नेमालाइन’ हे विशेषण बनविण्यात आले. शंका नावातच राखून ठेवण्याचा हा प्रकार परिभाषेच्या इतिहासात विरळ आहे.

त्याच वर्षी कॅनडातील कॉनेन, मर्फी व डोनोह्यू यांनीही असेच पदार्थ पाहिले व त्यांना ‘मायोग्रॅन्यूल’, म्हणजे स्नायुकण, असे म्हटले. एकाच वस्तूस एकाच वर्षी दोन नावे मिळाली, आणि ‘कण’ मागे पडून ‘सूत’ टिकले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या काड्या वस्तुतः सुट्या दंडिका असून त्यांचे द्रव्य झेड-रेषेच्या द्रव्यासारखे आहे, हे स्पष्ट केले. तात्पर्य, ‘नेमालाइन’ या शब्दातील सूत्राची कल्पना अक्षरशः खरी नाही. परंतु रूढीने त्या शब्दास ‘दंडिकायुक्त’ असा अर्थ दिला, आणि व्युत्पत्तीचे ओझे उतरले.

५. केंद्रक मध्यभागी : दोन वाचने

चित्र एक असून त्याची दोन वाचने झाल्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण १९६६ व १९६७ या दोन वर्षांतील आहे. स्पायरो, शाय व गोनाटास यांनी १९६६ मध्ये एका किशोरवयीन मुलाच्या स्नायूचे वर्णन केले. त्याच्या पुष्कळ तंतूंत केंद्रके कडेला नसून मध्यभागी होती. गर्भावस्थेत स्नायू घडत असताना तंतू प्रथम नळीसारखा असतो व केंद्रके त्याच्या मध्यभागी ओळीने असतात. या अवस्थेस ‘मायोट्यूब’ म्हणतात. त्या साम्यावरून स्नायूची वाढ गर्भावस्थेतच थांबली असावी, असा तर्क करून या विकारास ‘मायोट्यूब्युलर’ हे नाव देण्यात आले. १९६७ मध्ये शेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबातील असेच चित्र वर्णिताना ‘सेंट्रोन्यूक्लिअर’, म्हणजे मध्यकेंद्रकी, हा शब्द वापरला.

पहिल्या नावात चित्र आणि त्याची उपपत्ती अशी दोन्ही आहेत; दुसऱ्यात केवळ चित्र आहे. वाढ खुंटल्याची उपपत्ती पुढे जशीच्या तशी टिकली नाही. असे असता ‘मायोट्यूब्युलर’ हा शब्द लोपला नाही. त्याचे क्षेत्र मात्र संकोचले. मातेकडून मुलग्यास येणारा, जन्मतःच श्वास घेणे कठीण करणारा जो उग्र प्रकार आहे, त्यापुरता तो राहिला, आणि इतर सर्व प्रकारांस ‘मध्यकेंद्रकी’ ही व्यापक संज्ञा लागू झाली. अर्थसंकोच नावाचा जो व्यापार सामान्य भाषेत दिसतो, तोच येथे वैद्यकाच्या परिभाषेत घडून आला. १९९६ मध्ये या उग्र प्रकाराचे जनुक सापडले, तेव्हा त्यातून बनणाऱ्या प्रथिनास ‘मायोट्यूब्युलरिन’ हे नाव मिळाले. या प्रथिनाचे कार्य पेशीच्या आतील पटलांवरील विशिष्ट मेदद्रव्यांपासून फॉस्फेट वेगळे करणे हे आहे. गर्भातील नळीशी त्याचा नावापुरताच संबंध आहे. पुढे त्याच्यासारखी आणखी प्रथिने आढळली, आणि त्यांनाही तेच कुलनाम लागले.

यानंतरच्या काळात अशा चित्रनामांचा जणू मोसमच आला. १९७१ मध्ये ‘बहुगाभा’, १९७२ मध्ये ‘अंगुलिमुद्रा-पिंड’, १९७३ मध्ये ब्रुक यांचे ‘तंतुप्रकारांचे जन्मजात असंतुलन’, पुढे ‘झेब्रा-पिंड’, ‘टोपी-रोग’. यांपैकी ब्रुक यांच्या नावात वस्तू नसून प्रमाण आहे : पहिल्या प्रकारचे तंतू दुसऱ्या प्रकारच्या तंतूंहून सरासरीने निदान १२ टक्के बारीक असणे ही त्याची अट होती. पुढे ही मर्यादा फार सैल आहे असे मानून ती २५ टक्क्यांवर न्यावी, असे सुचविण्यात आले. जेथे नाव आकड्यावर उभे असते, तेथे आकडा बदलताच काही रोगी त्या नावातून बाहेर पडतात. त्यांच्या स्नायूंत काहीच बदललेले नसते.

६. नावाबाहेरचा धोका

चित्रनामांच्या उपयोगाचे सर्वांत गंभीर उदाहरण मध्यगाभ्याच्या रोगातच मिळते. १९६० मध्ये मेलबर्न येथील डेनबरो व लव्हेल यांनी २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा पाय मोडला होता. परंतु मोडलेल्या पायापेक्षा त्यास भुलीची भीती अधिक वाटत होती, कारण ईथरची भूल दिली असता त्याचे दहा नातलग दगावले होते. हॅलोथेनची भूल देताच त्याची प्रकृती झपाट्याने बिघडली. वेळीच उपाय झाल्यामुळे तो वाचला. भुलीच्या द्रव्याने शरीराचे तापमान भयंकर वाढविणारी ही प्रवृत्ती पुढे ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९७३ मध्ये डेनबरो व सहकाऱ्यांनी या प्रवृत्तीचा मध्यगाभ्याच्या रोगाशी संबंध दाखविला, आणि १९९३ मध्ये त्या संबंधाचे मूळ स्पष्ट झाले. स्नायूत कॅल्शियम सोडणाऱ्या एका मार्गाच्या जनुकातील उत्परिवर्तने दोहोंच्या मुळाशी असू शकतात. रायानिया नामक वनस्पतीतील विषद्रव्य या मार्गास जाऊन चिकटते, म्हणून या मार्गास रायानोडीन-ग्राहक म्हणतात. ज्याच्या स्नायूत असा गाभा आढळतो, त्याच्या भूलतज्ज्ञास ही गोष्ट आधी कळणे अवश्य ठरते, मग त्या रोग्याची दुर्बलता कितीही सौम्य असो.

७. जनुकनामे आणि चित्रनामे

१९९० नंतरच्या दशकात तिसरा थर चढू लागला. वेर्डनिग-होफमान रोगाचे जनुक १९९५ मध्ये सापडले, आणि आज त्या रोगाचे निदान रक्ताच्या परीक्षेने होते. त्यासाठी अर्भकाच्या स्नायूचा तुकडा काढण्याची गरज सामान्यतः उरलेली नाही. परंतु जन्मजात स्नायुविकारांच्या बाबतीत जनुकांनी चित्रांचा सरळ उलगडा केला नाही. दंडिकायुक्त विकाराचे एक जनुक १९९५ मध्ये व आणखी दोन १९९९ मध्ये ज्ञात झाली. आज ही संख्या दहाच्या पुढे गेली आहे. उलटपक्षी रायानोडीन-ग्राहकाचे एकच जनुक मध्यगाभा, बहुगाभा, मध्यकेंद्रकी रूप व तंतुप्रकारांचे असंतुलन अशी निरनिराळी चित्रे निर्माण करू शकते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर येथे समानार्थता आणि अनेकार्थता ही दोन्ही एकाच कोशात नांदतात.

यावरून चित्रनामे टाकून द्यावीत, असा निष्कर्ष काढता येत नाही. एक तर ही जनुके प्रचंड आहेत. रायानोडीन-ग्राहकाच्या जनुकात १०६ एक्झॉन आहेत, आणि त्यात आढळणारा प्रत्येक फरक रोगकारक नसतो. एखादा फरक निरुपद्रवी की घातक, असा संशय उत्पन्न झाला असता स्नायूत गाभा आहे काय, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. दुसरे असे, की चित्रनामे आपल्या मर्यादेत प्रामाणिक असतात. दंडिका निरोगी स्नायूतही, तो कंडरेस मिळतो त्या ठिकाणी, दिसू शकतात. आणि अल्पवयीन मुलाच्या तुकड्यात अद्याप न दिसलेला गाभा पुढे दिसू शकतो. म्हणजे चित्र हे एका तुकड्याचे, एका दिवसाचे साक्षीपत्र होय. जोवर नाव इतकेच सांगते, तोवर नवे ज्ञान आले तरी त्यास जागा सोडावी लागत नाही.

या इतिहासात जी नावे कोसळली अगर संकोचली, त्यांनी चित्रापलीकडचे काही सांगितले होते : ‘न वाढणारा’ या नावाने भविष्य सांगितले, ‘मायोट्यूब्युलर’ने उत्पत्ती सांगितली, ‘अमायोटोनिया’ने अनेक रोगांस एकत्व दिले. रोगाचे नाव आईबापांच्या कानी पडते तेव्हा ते शास्त्रीय संज्ञा म्हणून ऐकले जात नाही. मुलाच्या आयुष्याविषयी दिलेला निर्णय म्हणून ते ऐकले जाते. म्हणूनच मराठीत या विकारांची परिभाषा सिद्ध करताना ‘मध्यगाभा’, ‘दंडिकायुक्त’, ‘मध्यकेंद्रकी’ यांसारखे पाहिलेले तेवढेच सांगणारे शब्द पत्करावेत, आणि ‘सौम्य’ किंवा ‘न वाढणारा’ यांसारखी विशेषणे नावात न घालता रोग्याच्या प्रत्यक्ष वृत्तांतासाठी राखून ठेवावीत, हे अधिक श्रेयस्कर होय.